इलेक्ट्रिक गिटारमधून अकूस्टिकचा आवाज काढताय? या चुका टाळा

गणपतीला महिना उरला की आमच्या दाराची बेल जास्त वाजायला लागते. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. नोकरीचा गिटारशी काही संबंध नाही, पण तारा बदलून देणं, नेक सरळ करणं, निखळलेला जॅक सोल्डर करणं ही कामं हौसेने करतो, आणि ते आता सगळ्या गल्लीला माहीत झालंय. यंदा पहिला आला तो वरच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार, पिकगार्ड (वरची प्लास्टिकची पट्टी) उघडलेला, आणि पिकअपच्या, म्हणजे तारांखालच्या चुंबकी सेन्सरच्या, खड्ड्यांमधलं लाकूड ड्रिलने पोखरून काढलेलं. सोसायटीच्या कार्यक्रमात गाण्यांना साथ करायची होती, अकूस्टिक घ्यायला घरून पैसे मिळत नव्हते.

"काका, आतून पोकळ केली तर अकूस्टिकसारखी वाजेल ना?"

मी खड्ड्यात बोट घातलं. प्लायचे थर हाताला लागले. गिटार पूर्वी वाजायची तशीच वाजत होती, फक्त पिकगार्डचे दोन स्क्रू आता कशातच बसत नव्हते.

ही चूक इतक्या जणांनी केलेली पाहिली आहे की सुरुवात तिच्यापासूनच करतो.

लाकडाला हात लावणे

ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना हे पटकन कळेल. तंबोऱ्याची तार स्वतः फार हवा हलवत नाही. ती घोडीला हलवते, घोडी खालच्या तबलीला हलवते, तबली पातळ असते म्हणून ती हलते, आणि भोपळ्यातली हवा तिला साथ देते. अकूस्टिक गिटारचं गणित तेच. तिचा वरचा टॉप जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा असतो, खाली बारीक पट्ट्यांचा आधार असतो, आणि खोक्यातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. टॉपचा स्वतःचा पहिला ठळक घुमार 200 हर्ट्झच्या आगेमागे असतो. आपण ज्याला 'गिटारचा भरलेला आवाज' म्हणतो त्यात या दोन उंचवट्यांचा वाटा मोठा असतो.

आता स्ट्रॅटच्या आकाराची बॉडी बघा. सुमारे 44 मिलिमीटर जाड ठोकळा, त्यावर प्लास्टिकसारख्या रंगाचा जाड थर, आणि लोखंडी ब्रिज (गिटारची घोडी) स्क्रूने घट्ट आवळलेला. तार कितीही थरथरली तरी हा ठोकळा जागचा हलत नाही. म्हणून तर इलेक्ट्रिकची तार लांबपर्यंत वाजत राहते: तिची ताकद कोणी काढून घेत नाही. तबलीच्या जागी पाट बसवून त्याला मागून भोकं पाडली, म्हणून तो तंबोरा होत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चुंबकी पिकअपला लाकूड जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याच्या डोक्यावर पोलादी तार हलली की चुंबकी क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये वीज तयार होते, एवढंच त्याचं काम. बॉडीला तुम्ही खिडक्या पाडा नाहीतर नक्षी कोरा, पिकअप तारेकडेच बघत बसणार. मोठ्या कंपन्यांनीही हे मान्य केलंय. फेंडरने 2019 मध्ये अकूस्टासॉनिक टेलिकास्टर आणली. ती खरोखर आतून पोकळ आहे, वर स्प्रूसचा टॉप आहे, तरी प्लग लावल्यावर येणाऱ्या आवाजासाठी तिच्या पोटात पिझो (थरथरीची वीज करणारा तुकडा, त्याच्याबद्दल पुढे), सेन्सर आणि डिजिटल सर्किट भरावं लागलंच.

तेव्हा करवत खाली ठेवा. जे काही करायचं ते तारेत, तारेखालच्या सेन्सरमध्ये आणि त्यापुढच्या वायरीत करायचं आहे.

ब्राँझच्या तारा चढवणे

दुकानात जाऊन 'अकूस्टिकच्या तारा द्या' म्हणायचं आणि 12-53 चा (सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) फॉस्फर ब्राँझचा सेट इलेक्ट्रिकवर चढवायचा, ही दुसरी हमखास चूक. ब्राँझला चुंबक ओढत नाही. पिकअपला दिसतो तो फक्त आतला पोलादी गाभा. म्हणजे वरच्या दोन साध्या तारा ठणठणीत, आणि गुंडाळीच्या चार तारा शेजारच्या खोलीतून वाजल्यासारख्या.

ओढही बघा. 9-42 च्या सेटचा नेकवर एकूण ताण साधारण 38 किलो असतो, 12-53 चा 70 किलोच्या वर जातो. स्ट्रॅटच्या मागच्या खोबणीत तीन स्प्रिंगा या ताणाला तोलून धरतात. ताण जवळपास दुप्पट झाला की ब्रिज मागून उचलला जातो, तारा उंच होतात, नेक धनुष्यासारखी वाकते, आणि मुलगा येऊन सांगतो, "काका, ट्यूनच राहत नाही."

काय चालतं? निकेल गुंडाळीचा 11 चा सेट, तोही तिसरी तार गुंडाळीची असलेला. अकूस्टिकच्या आवाजात या तिसऱ्या तारेचा वाटा लोक विसरतात. इलेक्ट्रिकच्या नेहमीच्या सेटमध्ये ती साधी असते, आणि मोकळ्या कॉर्ड वाजवताना तीच सगळ्यांत पुढे येऊन पिरपिर करते. ती गुंडाळीची केली की कॉर्ड एकदम एकजीव होते. जाड सेट लावल्यावर मागे स्प्रिंग वाढवा (पाचची जागा असते), ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा वाक ठरवणारा गज) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, आणि तिसऱ्या तारेचं इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळणं) नव्याने लावा. ट्यून करताना वरून 'टिक' असा आवाज आला तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचेत तार अडकते आहे. खाच किंचित रुंद करून घ्या. खोल मात्र करू नका, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासायला लागेल.

एवढं झाल्यावर, एकही पैसा न घालता, एक करून बघा. मधला आणि नेकचा पिकअप एकत्र, टोन पूर्ण उघडा, पातळ पिक, आणि हात नेक जिथे बॉडीला मिळते तिथे. मारायचं हलक्या हाताने. पुष्कळ जणांचं काम इथेच निम्मं होतं, आणि पुढचं वाचायची गरज राहत नाही.

पिझो: दहा-वीस रुपयांची चकती आणि तिचे रुसवे

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी पिझो चकतीकडे यावं. बझरमध्ये असते तीच, 27 मिलिमीटरची, पितळी तबकडीवर पांढरी सिरॅमिक. ती दाबली-वाकवली की व्होल्टेज देते, म्हणून तिला लाकडाची आणि ब्रिजची थरथर ऐकू येते. तुमच्या हेडस्टॉकवर अडकवायच्या क्लिप ट्यूनरच्या पोटातही पिझोच असतो. ठाणे स्टेशनच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कधी मिळते, कधी नाही. मी एकदाच दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठतो आणि लॅमिंग्टन रोडवरून दहा आणतो, कारण पहिल्या दोन-तीन फुकट जाणार हे धरूनच चालायचं.

फुकट जातात त्या सोल्डरिंगमध्ये. पांढऱ्या भागावरचा चांदीचा मुलामा कागदासारखा पातळ असतो. तापलेलं सोल्डरिंग आयर्न त्यावर टेकवून 'धरत का नाही' म्हणत बसलात की मुलामा वायरीसकट उचलून येतो, आणि सिरॅमिक जास्त तापलं तर त्याची वीज द्यायची ताकदच कमी होते. वायरीला आधी सोल्डर लावून ठेवा, मग टेकवा आणि लगेच उचला. एक-दोन सेकंद पुरतात. वायर लावूनच आलेली चकती मिळाली तर हा सगळा त्रास टळतो.

ती चिकटवायची कुठे, यावर मी तीन संध्याकाळी घालवल्या आहेत. फोमच्या जाड डबल टेपने चिकटवली तर फोम सगळा वरचा आवाज खाऊन टाकतो, उरतो तो ढब-ढब. पातळ, कडक चिकटणारं काहीतरी हवं: फेविक्विकचा एखादा थेंब, किंवा अगदी पातळ टेप. ब्रिजच्या लोखंडी पट्टीखाली ती अशी ठेवू नका की स्क्रू आवळले की चकती चिरडेल. तडा गेलेली चकती खरखरते आणि मग गप्प होते. ट्रेमोलो (दांडीने हलणारा ब्रिज) असलेल्या गिटारीत मागच्या खोबणीतला पोलादी ठोकळा ही मला सगळ्यांत आवडलेली जागा, पण तिथे एक गंमत होते: स्प्रिंगाही ऐकू येतात. कॉर्ड थांबवली तरी मागे विहिरीत घुमल्यासारखं काहीतरी वाजत राहतं. स्प्रिंगांमध्ये फोमचा तुकडा अडकवला की ते थांबतं. हेडस्टॉकच्या मागे चिकटवली तर आवाज हवेशीर, पण पातळ. मंद साथीला तो छान लागतो, जोरात झोडायला नाही.

आणि आता सगळ्यांत मोठी चूक. पिझोच्या दोन वायरी सरळ गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर नेऊन जोडणे. इंटरनेटवरच्या चित्रात ते सोपं दिसतं. घरी जोडलं की पिझो जवळजवळ ऐकूच येत नाही, मग लोक चकतीला दोष देतात.

कारण असं. पिझो आतून कपॅसिटरसारखा वागतो. 27 मिलिमीटरच्या चकतीची क्षमता साधारण 20 नॅनोफॅरड धरा. पुढचा रोध जितका कमी, तितका खालचा आवाज जास्त वाहून जातो. चुंबकी पिकअपची कॉइल साधारण 6 किलोओहमची असते. पिझो तिच्याशी समांतर जोडला की 1300 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं. गिटारच्या सहाव्या तारेचा मोकळा सूर 82 हर्ट्झचा आहे. म्हणजे गाण्याचा बहुतेक भाग गेलाच. हीच चकती 10 किलोओहमच्या लाइन इनपुटला लावली तर कापणी 800 हर्ट्झजवळ सुरू होते, आणि 1 मेगाओहमच्या इनपुटला लावली तर 8 हर्ट्झजवळ, म्हणजे काहीच जात नाही. सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) बसणाऱ्या पातळ पिझोची क्षमता याहून बरीच कमी असते, म्हणून त्यांना तर 10 मेगाओहमसुद्धा द्यावे लागतात.

उपाय एकच: पिझोसाठी वेगळा बफर किंवा प्रीॲम्प (पिझोला मोठा रोध देऊन सिग्नल पुढे पाठवणारं छोटं सर्किट), तोही गिटारच्या आत, चकतीच्या जवळ. एक जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), तीन-चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, 9 व्होल्टची बॅटरी. हाताने जमत नसेल तर तयार मिळतो. चुंबकी पिकअप आणि पिझो मिसळायचे ते या बफरच्या नंतर, आधी नाही.

मिसळल्यावर दोन्ही एकत्र लावले आणि आवाज भरण्याऐवजी बारीक झाला, खालचा भागच गायब झाला, तर दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली. पिझोच्या वायरी अदलाबदल करू नका. पितळी बाजू ग्राउंडला असते तेव्हा ती शिल्डचं काम करते; ती सिग्नलच्या वायरीवर गेली की हम वाढतो. चुंबकी पिकअपच्या वायरी फिरवा. पिकअपवर धातूचं कव्हर असेल तर ते ग्राउंडलाच राहील हे आधी बघून घ्या.

हम आणि अर्थिंग

आमच्याकडच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायर असेलच याची खात्री नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हम खर्जात बसतो आणि त्याच्यावर 100 हर्ट्झची गुणगुण. पिझो तर लांब अँटेनासारखा हम पकडतो. त्याची वायर शिल्डेडच हवी, आणि खोबणीला आतून तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडलेली हवी.

निदान सोपं आहे. तारांना हात लावल्यावर हम कमी होतो? मग ग्राउंड ठीक आहे, शिल्डिंग कमी पडतंय. हात लावल्यावर वाढतो? मग ब्रिजची ग्राउंड वायर तुटली आहे किंवा जॅकवर दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. लॅपटॉप चार्जरवर असताना गुरगुरतो आणि चार्जर काढला की शांत होतो? तर ती दोन पिनांच्या चार्जरची गळती आहे, गिटारचा दोष नाही.

तारांना हात लावून मुंग्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हम जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. हे कधीही करायचं नाही.

सगळं नीट, पण ॲम्प चुकीचा

मेहनत करून पिझो लावला, बफर बांधला, आणि सगळं नेऊन घातलं आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिक ॲम्पमध्ये. तिथे आवाज गोधडीखालून आल्यासारखा. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. ओव्हरड्राइव्हचा कर्कशपणा त्यामुळेच सोसवतो. पण अकूस्टिकची ती पिक घासल्याची, तार झटकल्याची चमक नेमकी त्याच्या वर असते. कीबोर्डचा ॲम्प, पीए (कार्यक्रमातले लाउडस्पीकर) किंवा हेडफोन वापरा. बॉसच्या एसी-3 सारखा सिम्युलेटर पेडल घेतलात तरी नियम हाच. दुकानात तो निराळ्या स्पीकरवर ऐकलेला असतो, घरी आणून छोट्या प्रॅक्टिस ॲम्पला लावला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं.

ब्लूटूथ स्पीकरचं तर नावच काढू नका. आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाने उशिरा येतो. आपल्याच हाताच्या मागे धावत बसावं लागतं.

आयआर नावाचं औषध आणि त्याचा अतिरेक

संगणकावर वाजवत असाल तर इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, हा सगळ्यांत फायद्याचा मार्ग. खऱ्या अकूस्टिकचा मायक्रोफोनवरचा आवाज आणि तिच्याच पिकअपचा आवाज यातला फरक एका छोट्या फाइलमध्ये बंद केलेला असतो. तो तुमच्या सिग्नलवर चढवला की न लाभलेली तबली आणि भोपळा उसने मिळतात. इथे घोटाळा होतो तो असा: बहुतेक फाइली पिझोसाठी बनवलेल्या असतात. त्या चुंबकी पिकअपवर चढवल्या की डब्यात बोलल्यासारखं होतं. पिझो लावलेला असेल तरच त्या वापरा. सॉफ्टवेअरमधला इलेक्ट्रिक कॅबिनेटचा (ॲम्पच्या स्पीकरची नक्कल करणारा) भाग बंद करायला विसरू नका. बफर साइझ (संगणक आवाज एका वेळी किती घेतो ते; गिटारमधला बफर नव्हे) 128 सॅम्पल ठेवला तर 48 किलोहर्ट्झवर त्याचे पावणेतीन मिलिसेकंदच होतात. 1024 ठेवून 'उशीर होतोय' म्हणू नका.

ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून) तेच साधायचं तर हात आखडता ठेवा. 80 हर्ट्झखालचं कापा. चुंबकी पिकअपला 700 हर्ट्झ ते 1 किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली, 100-200 जवळ किंचित वर. पिझोला तो बदकासारखा 'क्वॅक' येतो, तेव्हा 1 ते 3 किलोहर्ट्झमधला त्रासदायक भाग शोधून दाबा. कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार सपाट करणारा) शक्यतो नको. अकूस्टिकचा सूर लवकर विरतो, कॉम्प्रेसर त्याला उलट ताणून धरतो, आणि इलेक्ट्रिक पुन्हा इलेक्ट्रिकच वाटायला लागते.

आता त्या मुलाचं काय झालं

पोखरलेली बॉडी मी अराल्डाइट आणि लाकडी काड्यांनी स्क्रूपुरती भरून घेतली. तिसरी तार गुंडाळीची, ठोकळ्यावर चकती, स्प्रिंगांत फोम, आत बफर. मंडपातल्या साउंडवाल्याला एकच सांगितलं, की ही वायर डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल लांबवर मिक्सरला नेण्याजोगा करणारी डबी) घ्या, गिटार ॲम्प नको. लांब मंडपातून वायर मिक्सरपर्यंत नेताना वरचा आवाज आणि शांतता दोन्ही टिकवायचं तर डीआय हवाच. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण घेतली.

आवाज खऱ्या अकूस्टिकसारखा आला का? समोर खुर्चीत बसून डोळे मिटले तर बऱ्यापैकी. वाजवणाऱ्याला मात्र कळतंच, कारण छातीला टेकलेलं खोकं हलत नाही. आणि खर्चाचा हिशोब मी त्याच्या आईला खरा सांगितला: तारा, बफर, शिल्डिंग आणि डीआयचं भाडं धरून जे झालं, त्यात थोडी भर घातली असती तर वापरलेली साधी अकूस्टिक मिळाली असती. ज्याच्याकडे इलेक्ट्रिक आधीच आहे, एकाच कार्यक्रमात दोन्ही आवाज हवेत, किंवा रात्री अकरानंतर शेजाऱ्यांना न उठवता वाजवायचं आहे, त्याच्यासाठी हा खटाटोप. बाकीच्यांनी अकूस्टिकच घ्यावी.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात. "काका, पिझो बंद पडला." बॅटरी संपली होती. प्रीॲम्पचा जॅक स्टिरिओ असतो, आणि साधी मोनो वायर आत गेली की बॅटरी चालू होते. रात्रभर गिटार कोपऱ्यात उभी होती, वायर आतच, आणि त्यात बॅटरी मुळात जुनी, स्मोक अलार्ममधून काढलेली. नवी घातली, वायर काढून त्याच्या हातात दिली.